दूध वाढलं, त्याभोवतीचं गेलं

देशात 1950-51 मध्ये सुमारे 1 कोटी 70 लाख टन दूध निघत होतं. 2023-24 मध्ये ते 23 कोटी 93 लाख टनांवर पोचलं. जगातल्या दुधाचा जवळपास चौथा हिस्सा आज भारतात निघतो, आणि उत्तर प्रदेश, राजस्थान यांच्या पाठोपाठ मध्य प्रदेशाचा नंबर तिसरा लागतो. तेव्हा दुधाच्या टंचाईबद्दल इथे काही म्हणायचं नाही. इंदुरात सराफ्यातली दागिन्यांची दुकानं रात्री बंद झाली की त्यांच्या ओट्यांवर रबडी, मावाबाटी, शिकंजी मांडली जाते आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही.

आटत चाललंय ते दुधाच्या अवतीभवतीचं: जागा, जनावरं, चारा, भांडी, चवी आणि शेजारधर्म. उत्पादनाचा आकडा दरवर्षी जाहीर होतो. या बाकीच्या गोष्टींची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. म्हणून ही यादी. ती इंदूरची आहे. धुळं, सांगली, नागपूरच्या वाचकांना आपापल्या गावच्या चार ओळी तीत सहज घालता येतील.

ग्वालटोली

सरवटे बसस्थानकाच्या शेजारी छोटी ग्वालटोली आहे. नाव गवळ्यांचं, वस्ती आता हॉटेलांची आणि लॉजची. गोठ्याला इकडे बाडा म्हणतात. जुन्या इंदुरात असे बाडे घरांना खेटून होते. तांब्या घेऊन जायचं आणि डोळ्यांदेखत धार काढून आणायची. 2017 मध्ये इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं आणि पुढेही येत राहिलं. त्या तयारीत महापालिकेने शहरातले बाडे हटवले आणि जनावरं हद्दीबाहेर गेली. शहर स्वच्छ झालं याचा अभिमान इथल्या प्रत्येकाला आहे, मलाही आहे.

पण जनावरं शहराबाहेर काढणं आणि जनावरांची सोय करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मुंबईतले तबेले हलवायचं ठरलं तेव्हा 1949 मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. गोठे, पाणी, वैरण, डॉक्टर आणि दूध-प्रक्रिया यांचा तिथे एकत्र विचार झाला. शहर आखताना जनावरांसाठीही एक चौकोन राखून ठेवायचा, ही समज त्या पिढीकडे होती. नंतरच्या शहर-आराखड्यांत ती क्वचितच दिसते.

बंदी

मराठी घरातला रतीब, तीच इंदूरची बंदी. सांवेर, देपालपूर, हातोद, सिमरोल या बाजूंनी पहाटे सायकली निघत. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना बरण्या आणि हँडलला अडकवलेलं लांब दांड्याचं माप. भाव, वेळ आणि माप ठरलेलं. खाडा झाला की दिनदर्शिकेवर फुली आणि महिन्याच्या शेवटी तोंडी हिशेब. माप ओतून झालं की वर एक धार जास्तीची. ती कुठे लिहिलेली नसे, पण चुकली तर घरातली बाई लगेच टोकत असे.

बंदी अजून आहे. सायकलीची मोटरसायकल झाली, बरण्या स्टीलच्या झाल्या. मात्र नव्या वसाहतींत, टॉवरांत, ती फाटकापाशीच थांबते. आत पिशवी जाते किंवा ॲपवरून बाटली येते. पिशवीतलं दूध तपासलेलं, थंड साखळीतून आलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा बंदीच्या दुधापेक्षा निर्धोक असतं, हे मान्यच करायला हवं. गेली ती उधारी, दोन्ही बाजूंची. घरात अडचण असली की बंदीवाला दोन महिने थांबे. त्याला म्हैस घ्यायची असली की तो चार घरांकडून उचल घेई आणि दुधात फेडी. त्या कर्जाला ना अर्ज लागे, ना जामीन. आज म्हशीसाठी बँकेचं कर्ज मिळतं, अनुदानही मिळतं. पण म्हैस आटली तर हप्ता आटत नाही.

माळवी बैल, आणि गोऱ्हा

माळव्याच्या काळ्या, चिकट जमिनीत ओढकाम करायला जी जात शतकानुशतकं घडली ती माळवी. पांढरी, मानेवर-खांद्यावर राखाडी-काळसर झाक, आटोपशीर बांधा, कणखर खूर. गाय दूध बेताचंच देते. तिची किंमत तिच्या बैलात होती. ट्रॅक्टर आला आणि ती किंमत संपली. जनावराचा भाव फक्त लिटरमध्ये मोजायचा ठरल्यावर माळवी, निमाडी आणि महाराष्ट्रातली खिलार या साऱ्याच एका रांगेत मागे पडल्या. 2019 च्या पशुगणनेत आधीच्या गणनेपेक्षा देशी गाई-बैलांची संख्या 6 टक्क्यांनी घटली आणि संकरित व विदेशी जनावरांची जवळपास 27 टक्क्यांनी वाढली.

सौराष्ट्राची गीर गाय ब्राझीलला गेली. तिथे तिची नीट वंशावळ ठेवली गेली, होल्स्टीनशी संकर करून गिरोलांडो घडली आणि आज ब्राझीलच्या दुधाचा मोठा भार तीच वाहते. आता तिकडच्या गीर वळूंचं वीर्य इकडे आणलं जातं. आपलीच जात परक्या देशात सांभाळली गेली म्हणून वाचली. माळवीला असा परदेशी वाली मिळाला नाही. तिला वाचवायचं तर इथेच वाचवावं लागेल.

तिच्याबरोबर गोऱ्हाही गोठ्यातून चालला आहे. बैलाचं काम राहिलं नाही, तेव्हा नर वासरू म्हणजे नुसता खर्च. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीचं लिंगनिश्चित रेतमात्रांचं तंत्रज्ञान सादर झालं. या मात्रा वापरल्या की दहातली नऊ वासरं कालवडी होतात. शेतकऱ्याला ते परवडतं, आणि मोकाट सोडल्या जाणाऱ्या गोऱ्ह्यांचे हालही त्यामुळे कमी होतील. पण पोळ्याला माळव्यातली मराठी घरं मातीचे बैल पुजतात, तशी वेळ आता खेड्यांवरही आली आहे.

कडबा

माळव्यात सोयाबीन 1970 च्या दशकात आलं आणि दहा-पंधरा वर्षांत खरिपाचा राजा झालं. देशातल्या सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना, सोपा, 1979 पासून इंदुरातच आहे. तेल काढून उरलेली पेंड, बाजाराच्या भाषेत डीओसी, इथून नेपाळ-बांगलादेशापासून युरोपापर्यंत जाते. तिथल्या कोंबड्या आणि जनावरं तिच्यावर पोसतात. जनुकीय बदल न केलेल्या सोयाबीनची पेंड म्हणून तिला मान आहे. माळव्याच्या शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला तो या पिकामुळे, हे कोणी नाकारू नये.

सोयाबीनने बाजूला सारली ती मुख्यतः ज्वारी, आणि ज्वारीबरोबर कडबा गेला. पुरुषभर उंचीची ताटं, त्यांच्या पेंढ्या, पेंढ्यांची गंज आणि कुट्टी करून गव्हाणीत टाकलेली वैरण, यावर गोठ्याचं अर्धं वर्ष निभे. सोयाबीनचा भुसा त्याची जागा घेऊ शकत नाही. रब्बीत गहू येतो, पण हार्वेस्टर वरची कणसं कापून नेतो आणि खालचा बुडखा शेतातच राहतो. त्याला इकडे नरवाई म्हणतात. भुसा करायला वेगळं यंत्र, वेगळा खर्च. म्हणून अनेक जण काडी लावून मोकळे होतात. दुष्काळी भागात ज्या वैरणीसाठी छावण्या उघडाव्या लागतात, ती इथे एप्रिलमध्ये धूर होऊन जाते.

माळव्याची प्रथिनं जहाजाने परदेशी जनावरांकडे जातात आणि माळव्याच्या गोठ्याला वैरण विकत आणावी लागते. दुधाच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा चाऱ्याचा आणि खुराकाचा असतो. दुधाला भाव परवडत नाही अशी तक्रार करण्याआधी आपण शेतात काय पेरलं आणि काय जाळलं, हे बघायला हवं.

उकिरडा

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज कृषिशास्त्रज्ञ 1924 ते 1931 इंदुरात होता. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्याने वनस्पती-उद्योग संस्था चालवली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. गावोगावचे शेतकरी शेण आणि काडीकचरा कसा वापरतात हे पाहून त्याने कंपोस्टची रीत बसवली. पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर, ठराविक दिवसांनी परतवणं आणि तीन महिन्यांत खत तयार. 1931 मध्ये या कामावर पुस्तक निघालं त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत ही रीत आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच शिकवली जाते.

त्या पद्धतीला गोठा लागतो. गोठा लांब गेला, शेतातला बैल गेला आणि शेणही गेलं. देवगुराडिया इथे 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झालेला गोबरधन प्रकल्प दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी आणि खत तयार करू शकतो. शहराच्या बस त्या गॅसवर धावतात. काम मोलाचं आहे. मात्र त्याचा कच्चा माल शहराच्या स्वयंपाकघरातून येतो. ज्या जमिनीतून आपण दूध घेतो तिला शेण परत देण्याचा जो फेरा हॉवर्ड आणि वाड यांनी इथे मांडला, तो इंदुरातच तुटत गेला.

गर्बरची नळी

गावच्या दूध सोसायटीत फॅट मोजायला लाकडी घोडीवर गर्बरच्या काचेच्या नळ्या उभ्या असत. वरचं पोट फुगीर, खालची मान निमुळती आणि मानेवर बारीक रेघा. आत आधी 10 मिलिलिटर गंधकाम्ल. त्यावर नळीच्या कडेकडेने, आम्लात एकदम मिसळू न देता, 10.75 मिलिलिटर दूध. मग 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. रबरी बूच लावून नळी उलटसुलट हलवली की ती इतकी तापे की फडक्यात धरावी लागे. आम्ल दुधातली प्रथिनं विरघळवी आणि सगळं तपकिरी होई. मग नळ्या चक्रात घालून मिनिटाला 1100 फेऱ्यांनी चारपाच मिनिटं फिरवायच्या. बाहेर काढल्यावर मानेत पिवळसर, काचेसारखं नितळ फॅट वर आलेलं असे. नळी डोळ्यांसमोर धरून रेघ वाचायची: सहा पूर्णांक दोन.

आता मिल्क ॲनालायझर आहे. नळीतून चमचाभर दूध ओढतो आणि मिनिटाभरात फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ), पाणी असं सगळं पडद्यावर आणि पावतीवर देतो. आम्लाने हात भाजण्याची भीती गेली, वेळ वाचला, पैसे थेट खात्यात जमा होऊ लागले. हे सगळं चांगलंच आहे. पण नळीतलं फॅट दूध घालणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. रेघेवरून वाद घालता येत होता. पडद्यावरच्या आकड्याशी वाद घालता येत नाही.

आणि तो आकडा लहान नसतो. मध्य प्रदेशात सहकारी संघ दूध घेतात ते किलो फॅटच्या भावाने. किलो फॅटला 800 रुपये धरले, तर दहा लिटरमागे दोन दशांश फॅटचा फरक म्हणजे दिवसाला सोळा रुपये आणि महिन्याला पाचशेच्या आसपास. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या पायावर ठरतो आणि त्याखाली पॉइंटागणिक कपात होते. तिथेही हाच हिशेब लागू आहे. किराणा दुकानातला तराजू तपासायला निरीक्षक येतो. लाखो कुटुंबांचं उत्पन्न ज्या यंत्रावर ठरतं त्याची तपासणी तितक्याच कडकपणे व्हायला हवी.

दुधाचा हंगाम

म्हशी बहुतेक करून पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत वितात. म्हणून थंडीत दूध मुबलक, उन्हाळ्यात टंचाई. बासुंदी, मावा, तूप करून ठेवणं हे सगळं या ऋतूला धरून होतं. हा हंगाम पुसला तो दुधाच्या पावडरीने.

म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही असं परदेशी जाणकार म्हणत होते, तेव्हा 1950 च्या दशकात आणंदमध्ये हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखवली. 1970 मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं ते युरोपने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत दिलेल्या 1 लाख 26 हजार टन पावडरीच्या आणि 42 हजार टन बटर ऑइलच्या जोरावर. फुकट आलेला तो माल बाजारात तसाच ओतला असता तर इथला गवळी बुडाला असता. वर्गीज कुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं दूध करून महानगरांत रास्त भावाने विकलं आणि त्या पैशातून सहकारी संघ उभे केले. परदेशी मदतीचा इतका शहाणा वापर आपल्या इतिहासात फार थोडा झाला आहे.

पावडरीने हंगाम पुसला, पण गावाचा भाव जगाच्या भावाला बांधला. 2008 मध्ये न्यूझीलंडच्या फॉन्टेरा या दूध कंपनीने सुरू केलेला ग्लोबल डेअरी ट्रेड हा लिलाव महिन्यातून दोनदा ऑनलाइन होतो आणि जगभरच्या पावडरीचा भाव त्यावर जोखला जातो. 2013 मध्ये तिथे होल मिल्क पावडर टनाला 5000 डॉलरच्या पुढे होती. ऑगस्ट 2015 मध्ये 1600 डॉलरच्याही खाली आली. रशियाने ऑगस्ट 2014 मध्ये युरोपच्या अन्नमालावर बंदी घातली, 31 मार्च 2015 ला युरोपचा तीन दशकांचा दूध-कोटा संपला, आणि चीनची खरेदी मंदावली. भारत फार निर्यात करत नाही. 2023-24 मध्ये सगळे दुग्धपदार्थ मिळून सुमारे 64 हजार टन. पण बाहेरचा भाव पडला की तेवढीही वाट बंद होते, पावडर गोदामात साचते आणि डेअऱ्या खरेदीचा भाव उतरवतात. जुलै 2018 मध्ये महाराष्ट्रात रस्त्यावर दूध ओतलं गेलं, त्यामागे पावडरीचे हे डोंगरही होते. न्यूझीलंड कुठे आहे हे देपालपूरच्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल. त्याच्या लिटरमागचे दोन रुपये मात्र तिकडे ठरू शकतात.

साय

सकाळचं दूध तापवून निववलं की हाताच्या पंजाएवढी जाड साय. ती आठवडाभर विरजणात साठवायची, रवीने घुसळायची, लोण्याचा गोळा आणि ताक वेगळं करायचं, लोणी कढवायचं आणि तळाची बेरी मुलांना साखर घालून द्यायची. या एका कामात चार पदार्थ होते आणि वाया काही जात नव्हतं.

टोन्ड दूध ही मुंबईत 1940 च्या दशकात दारा खुरोडी यांनी राबवलेली कल्पना. म्हशीच्या दुधात पाणी आणि आयात केलेली साय-काढली पावडर मिसळून ते जास्त लोकांना परवडेल असं करायचं. गरिबाच्या मुलाला दूध मिळालं, हे त्या कल्पनेचं पुण्य. आज टोन्ड दुधात 3 टक्के फॅट असतं, डबल टोन्डमध्ये दीड टक्का. त्यात होमोजिनायझेशन झालं असेल तर फॅटचे कण इतके बारीक फोडलेले असतात की साय धरतच नाही. काढून घेतलेलं फॅट लोणी, तूप आणि आइस्क्रीम होऊन वेगळ्या भावाने परत त्याच घरात येतं. रवी माळ्यावर जाते.

भट्टीचा मावा

लोखंडी कढई, खाली मोठी आच आणि हातात लांब उलथनं. उकळी फुटली की हात थांबवायचा नाही; तळ आणि कडा सतत खरवडत राहायचं, नाहीतर करपट वास लागतो. दूध दाटलं की आच कमी करायची. कडा सोडू लागलं की खाली उतरवून घोटायचं. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण किलोभर मावा. पेढ्या-बर्फीला घट्ट पिंडी, गुलाबजामला मऊसर, कलाकंदाला दाणेदार. कशाला कोणता हे हलवाई बोटाने चेपून सांगे.

अशी कढई अजून दिसते, पण सणासुदीचा सगळा मावा तिच्यातून निघत नाही. पावडर आणि वनस्पती-चरबी एकत्र करून त्याच रंगाचा, त्याच वजनाचा गोळा फार स्वस्तात होतो. पनीरचंही तेच: पावडर आणि पामतेलापासून केलेल्या पनीरला कायद्याने ॲनालॉग असं लेबल लावावं लागतं. पण हॉटेलच्या ताटात लेबल नसतं.

इथे या यादीतली सगळ्यात मोठी विसंगती आहे. परदेशी दूध पावडरीवर भारत 60 टक्के आयातशुल्क लावतो, लहान दूध उत्पादकाला वाचवण्यासाठी. आणि हाच देश जगातला पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे. दुधाची आयात दारात अडवली, तर दुधाच्या फॅटची जागा घेणारी चरबी इंडोनेशिया-मलेशियाहून खिडकीतून आत आली. जो मावा भेसळीचा निघतो, त्यात खाणारा फसतो आणि ज्याचं पाच लिटर दूध विकलं गेलं नाही तो शेतकरीही नागवला जातो.

खरवस

गाय-म्हैस व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक. आधी वासराचा हिस्सा, मग घरचा, मग शेजाऱ्यांचा. वाटीभर चीक घरोघरी जाई आणि वाटी रिकामी परत येत नसे. चीक विकायचा नसतो हा नियम होता आणि तो पाळला जाई.

आता शहरातला खरवस बहुतेक जागी कंडेन्स्ड मिल्कचा असतो. दुसरीकडे न्यूझीलंडहून चिकाची पावडर कॅप्सूलमध्ये भरून, प्रतिकारशक्तीचं औषध म्हणून, जगभर महाग भावाने विकली जाते. आपल्याकडे जी गोष्ट देण्याची होती, ती तिकडे निर्यातीची झाली.

फौजेचे गोठे

इंदूरचा शेजारी महू हे छावणीचं गाव. 1955 पासून तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे फौज आणि जनावरं यांचं नातं आमच्या भागाला परकं नाही. सैन्याला दूध पुरवण्यासाठी पहिला लष्करी डेअरी फार्म 1889 मध्ये अलाहाबादला निघाला. पुढे देशभर त्यांचं जाळं झालं, पुण्याजवळ पिंपरीलाही एक होता. 31 मार्च 2021 रोजी ही व्यवस्था बंद झाली. सैन्य आता दूध बाजारातून घेतं. मैलोगणती कुरणं आणि शतकभराच्या पैदाशीच्या नोंदी असणारी दुसरी अशी सरकारी व्यवस्था देशात फारशी नव्हती.

दोन म्हशींचं घर

यादीतली शेवटची नोंद अजून गेलेली नाही; म्हणूनच ती सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेत 1970 मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास दुग्धशेतं होती. आज परवानाधारक गोठे 30 हजारांच्या आत आले आहेत आणि दूध मात्र वाढलं आहे. न्यूझीलंडमध्ये एका सरासरी कळपात चारशेपेक्षा जास्त गाई असतात आणि तिथलं जवळपास सगळं दूध निर्यात होतं. भारतात आठ कोटींहून जास्त कुटुंबं दुधाशी जोडलेली आहेत. बहुतेकांच्या दारात दोन-तीन जनावरं. ऊस, सोयाबीन, कापूस यांचे पैसे वर्षातून एकदा येतात. दुधाचे दर दहा दिवसांनी. शाळेची फी, औषध, लग्नातलं देणं हे सगळं या दहा दिवसांच्या हप्त्यावर चालतं. आणि गोठ्याचं बहुतेक काम बाई करते.

हे घर वाचावं म्हणून 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारत आरसेप या बहुदेशीय व्यापार कराराच्या बोलण्यांतून बाहेर पडला. जुलै 2025 मध्ये ब्रिटनबरोबर करार झाला तेव्हा दूध बाहेर ठेवलं गेलं. डिसेंबर 2025 मध्ये न्यूझीलंडबरोबर बोलणी पुरी झाली तेव्हाही. ही भिंत योग्यच आहे. ती पाडा असं म्हणणाऱ्यांनी चारशे गाईंच्या कळपाशी दोन म्हशींनी स्पर्धा कशी करायची ते आधी सांगावं.

पण वरची यादी पुन्हा वाचली की दिसतं, यातलं जवळजवळ सगळं नुकसान भिंतीच्या आतलं आहे. ग्वालटोली न्यूझीलंडने हलवली नाही. नरवाई अमेरिकेने पेटवली नाही. ॲनालॉग पनीर ताटात आलं ते आपल्याच हॉटेलात. 13 एप्रिल 2025 ला भोपाळमध्ये मध्य प्रदेशच्या दूध महासंघाने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाशी करार केला. महासंघाच्या ‘सांची’ या ब्रँडचं दूध गोळा करणारे संघ आता त्या मंडळाच्या व्यवस्थापनाखाली आहेत. आणंदचा अनुभव इथे येतो आहे, त्याचं स्वागत आहे. त्या व्यवस्थापनाकडून, राज्याकडून आणि शहराकडून मागायच्या गोष्टी साध्या आहेत. शहराच्या आराखड्यात गोठ्यांसाठी राखीव जागा. दूध तपासणाऱ्या प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तपासणी, आणि शंका आली तर गर्बरच्या नळीवर फेरतपासणीचा हक्क. कडबा देणाऱ्या पिकाला सोयाबीनइतकाच आधार. हॉटेलच्या मेनूवर ॲनालॉग हा शब्द ठळक. आणि माळवी गाईची पैदास वाढवायला तिच्या दुधापलीकडचा हिशेब.

उरलेलं काम वाचकांचं. दूध कुठूनही घ्या, बंदीवाल्याकडून, संघाच्या केंद्रावरून किंवा ॲपवरून. पण तीन गोष्टी विचारा. हे दूध कुठल्या गावचं, किती फॅटचं, आणि गावात त्याला लिटरमागे काय मिळालं? विचारणारी माणसं वाढली की उत्तर द्यावंच लागतं.